शिबं, जुनी चित्रं आणि पिंपल्सचं क्रीम

मे महिन्यात भाईंदरहून चर्चगेटला निघालेल्या लोकलमध्ये जेवढी माणसं असतात, त्या सगळ्यांच्या कातडीवर मॅलासेझिया नावाची बुरशी बिनतिकिटाची फिरत असते. घाम आणि तेल मिळालं की ती फोफावते आणि पाठीवर, मानेवर शिबं उठतात. शिब्यांच्या जागी रंग फिका का पडतो, याचा माग 1970 च्या दशकात रोममधले संशोधक नाझारो-पोरो आणि पासी काढत होते. तेव्हा त्यांचं लक्ष या बुरशीच्या अझेलाइक ॲसिडकडे गेलं. रंगद्रव्य बनवणाऱ्या एन्झाइमला ते अडवतं. म्हणून वांगावर लावून पाहिलं, तर त्याच चेहऱ्यांवरचे पिंपल्सही ओसरले! अमेरिकेत 20 टक्क्यांचं क्रीम मुरुमांसाठी 1995 मध्ये मंजूर झालं, 15 टक्क्यांचं जेल रोझेशियासाठी 2002 मध्ये.

गहू, राय आणि बार्लीतही हे आम्ल असतं. रोगजंतूंचा हल्ला झालेल्या झाडाच्या रसात ते वाढतं आणि बाकीच्या पानांना सावध करतं, असं 2009 मध्ये दिसून आलं. जवसाच्या तेलात रंगवलेलं जुनं चित्र रसायनतज्ज्ञांच्या हाती आलं, तर तेही आधी अझेलाइक शोधतात, कारण तेल सुकताना ते तयार होतं. नायलॉनचा एक प्रकार आणि बेअरिंगचं ग्रीसही यापासून बनतं. (ग्रीस तोंडाला लावू नये, हे सांगायला नकोच.)

आता रोझेशिया. गाल-नाक लाल होतं, पुळ्या येतात, पण मुरुमांसारखे ब्लॅकहेड्स नसतात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून निदान हुकतं; गाल तापतात, चुरचुरतात, ती खूण धरावी. ऊन आणि उष्णता त्याला चेतवतात. म्हणजे उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी बाई असो की भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात स्टीलची भांडी घडवणारा कारागीर, दोघांचीही पंचाईतच.

अझेलाइक वापरायचं कसं? चेहरा धुऊन, कोरडा करून, पातळ थर. सुरुवातीला झोंबतं, खाजतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. फरक दिसायला महिना-दोन महिने जातात, आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. मग कुणीतरी सांगतं, केमिस्टकडची अमुक ट्यूब लाव, चार दिवसांत गोरी होशील. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असतं. चेहरा आधी उजळतो, मग पुळ्या, लाली, नको तिथे केस, आणि थांबवली की आगडोंब. मार्च 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. कागदावर तरी! माझं मत विचाराल तर सावकाश चालणारं अझेलाइक या चार दिवसांच्या जादूपेक्षा शंभर पटींनी बरं. पिंपल गेल्यावर मागे राहणारा काळा डागही ते फिका करतं, आणि आपल्या कातडीला खरा जाच त्या डागाचाच असतो.

अँटिबायोटिक क्रीमना जंतू सरावतात, याला सहसा नाही. गरोदरपणात बरीच औषधं बंद होतात, तेव्हाही डॉक्टर हे देऊ शकतात. विचारून घ्यावं एवढंच. आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडने टॉवेल नि उशीचे अभ्रे जागोजागी पांढरे पडतात, तसं यात होत नाही.