मानलेली नाती

आपल्या मराठीत ‘मानलेला’ असा एक शब्द आहे. मानलेला भाऊ, मानलेली बहीण, मानलेली आई. रक्ताचं नातं नाही, कागदावर नोंद नाही. पण भाऊबीजेला ओवाळणी होते, आजारपणात डबा येतो. आज या शब्दाविषयी बोलायचं आहे, ते थोड्या वेगळ्या मुलांच्या संदर्भात.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. १९९८ साली दहावीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर माझ्यापाशी थांबला. बराच वेळ पट्टीशी चाळा करत राहिला आणि म्हणाला, “बाई, मला मुली आवडत नाहीत. मुलगेच आवडतात. मला वेड लागलंय का?” मी घाबरले. ‘नाही रे’ एवढंही तोंडातून आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना बोलावून सगळं सांगून टाकलं. वाटलं, कर्तव्य केलं. मुलाला आधी मार बसला, मग ‘बरं करायला’ डॉक्टरांकडे नेलं. बोर्डाच्या परीक्षेला तो बसलाच नाही.

खरं तर बरं करण्यासारखं काही नव्हतंच. जागतिक आरोग्य संघटनेनं समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढून टाकलं होतं. मला, शिकवणाऱ्या बाईला, आठ वर्षांनंतरही त्याचा पत्ता नव्हता. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर, मुलांना ‘बदलवण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलं.

कायदा बदलला, तरी पंधरा-सोळाव्या वर्षाचं एकटेपण त्यानं आपोआप जात नाही. एखाद्या मुलाला जातीवरून, धर्मावरून कुणी हिणवलं, तर ते घरी येऊन रडू शकतं. घरातले सगळे त्याच्याच बाजूचे असतात. समलिंगी किंवा पारलिंगी मुलाचं तसं नसतं. बहुतेक वेळा घरात त्याच्यासारखं दुसरं कुणी नसतं, आणि ज्यांच्या कुशीत रडायचं त्यांचीच भीती वाटत असते. म्हणून ही मुलं आपली माणसं घराबाहेर शोधतात. कुणाला मैत्रीण सापडते, कुणाला समजूतदार मामी. यालाच हल्ली ‘निवडलेलं कुटुंब’ म्हणतात.

ही गोष्ट परदेशातून आलेली नाही. घरानं टाकलेल्या तृतीयपंथीयांनी गुरू-चेल्यांची घराणी उभी केली, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. तिथे गुरू आईच्या जागी असते. त्या रीतीतही जाच आहे, देणीघेणी आहेत. पण जेवायला पान आणि आजारपणात कुणीतरी उशाशी, हेही आहे. पुढे मुंबईत १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ आणि पुण्यात २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू झाले. २०१७ पासून मुंबईत ‘स्वीकार’ हा अशा मुलांच्या आईवडिलांचाच गट आहे. म्हणजे जन्मदाते आईवडीलही शिकू शकतात. मे २०२५ मध्ये एका सज्ञान तरुणीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलं, की कुटुंब उभं करण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नव्हे, निवडलेलं कुटुंबही कुटुंबच.

अठरा वर्षांखालच्या मुलाला मात्र असं घर सोडून जाता येत नाही, आणि जावं लागूही नये. त्याला जवळपासचं एखादं मोठं माणूस हवं असतं. अमेरिकेतल्या ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ या संस्थेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्या मुलांना स्वीकारणारी निदान एक प्रौढ व्यक्ती होती, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळलं. फक्त एक व्यक्ती!

तो मुलगा मला दोन वर्षांपूर्वी भेटला. मधे त्याला अपघात झाला होता. रुग्णालयाच्या अर्जावर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात त्याच्या मित्रानं ‘भाऊ’ असं लिहिलं आणि नऊ रात्री बाकावर झोपून काढल्या. मी माफी मागितली. तो शांतपणे म्हणाला, “बाई, त्या दिवशी तुम्ही नुसतं ‘बस, पाणी पी’ म्हणाला असतात, तरी पुरलं असतं.”

म्हणून हे सांगते आहे. असं एखादं मूल तुमच्यापाशी येऊन थांबलं, तर त्याला बसवा, ऐकून घ्या. त्याला विचारल्याशिवाय कुणाला सांगू नका, अगदी त्याच्या आईलासुद्धा. ‘बरं करायला’ कुठे नेऊ नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर मात्र त्याला एकटं सोडू नका. त्याला बरोबर घेऊनच चांगल्या समुपदेशकाकडे जा. आणि त्याचे मित्रमैत्रिणी घरी आले, तर दोन कप चहा जास्त टाका. त्यातलंच कुणीतरी उद्या त्याचं मानलेलं भावंड असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)