आधीं कोणता नियम?

टपालकचेरींत पत्रें वेगळीं करणाऱ्या माणसाला दोन सूचना दिल्या आहेत, अशी कल्पना करावी. पहिली अशी कीं, मुंबईचें पत्र दिसतांच तें पहिल्या पिशवींत टाकावें. दुसरी अशी कीं, मुंबईपैकीं गिरगांवचें पत्र दुसऱ्या पिशवींत टाकावें. तो माणूस या सूचना क्रमानेंच पाळील, तर दुसरी पिशवी सदैव रिकामी राहील. दोन्ही सूचना निर्दोष आहेत. दोष आहे तो त्यांच्या क्रमांत.

बँकांचे हिशेब सांभाळणाऱ्या डेटाबेसची गोष्ट अशीच आहे. आय. बी. एम. कंपनीच्या महासंगणकांवर डीबी-टू हा डेटाबेस चालतो. त्याच्याकडे एकाच वेळीं असंख्य कामें येतात. कोणी खात्यांतून पैसे काढीत असतो, कोणी साऱ्या वर्षाचा अहवाल मागवीत असतो. यंत्राची शक्ति मात्र मर्यादित. म्हणून १९९४ पासून या यंत्रांच्या मूळ कार्यप्रणालींतच कामांची वर्गवारी करणारी व्यवस्था आहे. काम कोणाच्या नांवानें व कोठून आलें, हें पाहून तें एका सेवावर्गांत घातलें जातें. वर्गाच्या उद्दिष्टाला १ ते ५ असें महत्त्व देतां येतें. त्यांत १ सर्वांत श्रेष्ठ. ओढाताण झाली म्हणजे खालच्यांनीं वरच्यांना वाट द्यावयाची.

वर्गवारीचे नियम वरून खालीं वाचले जातात आणि जो प्रथम जुळेल तोच लागूं होतो. त्याच्या पोटांत उपनियम असतील तर तेवढे तपासले जातात; त्यांपैकीं एकही जुळला नाहीं तर मूळ नियमाचाच वर्ग कायम राहतो. पुढच्या मुख्य नियमांकडे यंत्र वळतच नाहीं. म्हणून ‘बँकेच्या नांवानें येणारें कोणतेंही काम’ हा व्यापक नियम वर आणि ‘पैसे देण्याघेण्याचें काम’ हा नेमका नियम खालीं असला, तर खालचा नियम असून नसल्यासारखाच. यांत धोका असा कीं, यंत्र तक्रार करीत नाहीं. उत्तर बिनचूक येतें, पण उशीरा येतें. आणि त्याची झळ महिनाअखेरच्या गर्दींत पैशांसाठीं थांबलेल्या ग्राहकाला लागते.

यावर उपाय सोपा आहे: नेमके नियम आधीं, व्यापक नियम मागून. जे नियम परस्परांच्या आड येत नाहींत, त्यांपैकीं वारंवार लागणारा वर ठेवावा. म्हणजे प्रत्येक कामामागें यंत्राला यादी फार खालपर्यंत चाळावी लागत नाहीं.

यादीचा शेवटही विसरतां कामा नये. दुसऱ्या यंत्रांकडून डीबी-टूकडे आलेल्या कामाला कोणताच नियम जुळला नाहीं, तर तें ‘सिसअदर’ नांवाच्या वर्गांत पडतें. त्या वर्गाला कोणतेंही उद्दिष्ट नसतें. इतरांचें भागल्यावर शक्ति उरली तरच त्याचें काम चालतें. तेव्हां अनोळखी कामाला कोठें बसवावें, हें योगायोगावर न सोपवितां आधींच ठरवावें. नियम लिहिणें हें अर्धेंच काम; उरलेलें अर्धें त्यांची मांडणी करण्यांत आहे.