काहिलीतली भटकंती

पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर मी काही लिहिणार नाही. मसाई पठार, करपेवाडी, आंबवडे, पांढरपाणी ही नावं दर जुलैत हजारो पोरांच्या तोंडी असतात आणि १६६० ची ती रात्र शाळेतच पाठ झालेली असते. रांगणा, भुदरगड, गगनगड यांच्यावरही पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. माझी तक्रार निराळी आहे. कोल्हापूरच्या भटकंतीचा आढावा घेणारा प्रत्येक जण डोंगर मोजतो आणि नदी पुलावरून ओलांडतो.

एका ज्येष्ठ दुर्गप्रेमींनी मला भर बैठकीत सुनावलं होतं, ‘‘पाण्यातून हिंडणं ही भटकंती नव्हे, सहल.’’ हीच मंडळी बामणोलीला लाँचमध्ये बसतात, शिवसागर ओलांडून वासोट्याच्या पायथ्याला उतरतात आणि लेखात मात्र फक्त चढण लिहितात. असो.

दाजीपूरचे मुक्काम मीही केले. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं ते रान. राधानगरीच्या फुगवट्यालगतच्या वाडीत कुणाच्या तरी पडवीत पथारी टाकायची. पहाटे गव्यांचा फुरफुराट ऐकू आला की पांघरुणातून डोकं बाहेर काढायची कुणाची छाती व्हायची नाही. पण दाजीपूरवर लिहिणारे पुष्कळ आहेत. काहिलीवर, म्हणजे गूळ शिजवायच्या त्या अवाढव्य कढईवर, लिहिणारा मी एकटाच उरलोय, म्हणून तिच्याबद्दल.

गुऱ्हाळ पेटतं दसरा-दिवाळीच्या सुमाराला. त्याआधी पावसाळाभर चुलवाण थंड आणि काहील रिकामी. शिरोळ भागातला शेतकरी पुराच्या पाण्यात तीच काहील सोडतो. वैरण आणायची, अडकलेल्या माणसाला भाकरी पोचवायची, सगळं तिच्यातून. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत रबरी बोटींचे फोटो छापून आले. काहिलीला मात्र तिथं कुणी बोट म्हणत नाही, तिच्यात नुसतं बसतात.

१९८७ च्या आश्विनात आम्ही आठ जण दोन काहिली घेऊन इचलकरंजीच्या खालून निघालो, नृसिंहवाडीला जायला. काहिलीला पुढचं-मागचं नसतं. एकानं वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगरते. दोघांनी समोरासमोर बसून एका तालात मारलं तरच ती सरळ चालते, आणि तो ताल जमेपर्यंत आम्ही अर्धा दिवस पंचगंगेत फुगडी घातली. काठावर म्हशी धुणारे एक आजोबा ओरडले, ‘‘काय ओ पाव्हणं, गूळ कुठं घालायला चाललाय?’’

खरी परीक्षा बंधाऱ्यांवर. पाणी अडवायच्या फळ्या, म्हणजे बरगे, नुकतेच घातलेले, पाणी तुंबलेलं. तेरवाडला काहिली काठाला लावल्या, कड्यांत वासे घातले आणि आठही जणांनी एकेक काहील उचलून बंधाऱ्याच्या खाली नेली. दोन फेऱ्यांत खांदे सोलपटले. शिरोळच्या बंधाऱ्यावर पुन्हा तेच. तिथं आमच्यातला तालमीतला गडी म्हणाला, ‘‘यापेक्षा जोर काढलेले परवडले.’’ रात्री मळीच्या रानाशेजारी तीन दगडांची चूल, भाकरी, खर्डा आणि पाण्यात गार केलेली काकडी. तंबू नव्हताच. काहील पालथी घालून एका कडेला दगडांवर टेकवली की खाली दोघांना झोपता येत असे. तिला वर्षानुवर्षांच्या पाकाचा वास होता आणि मुंग्यांनाही तो ठाऊक होता. तिसऱ्या दिवशी नृसिंहवाडीच्या घाटाला लागलो. दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी, आणि मग परतीसाठी ट्रॅक्टरची शोधाशोध.

नंतर नऊ-दहा वेळा गेलो. मग नदीनंच नको म्हटलं. प्रयाग चिखलीपासून वाडीपर्यंत जेमतेम ऐंशी किलोमीटरची ही नदी. वाटेत शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळी तिच्यात येते, बरगे घातले की ते सगळं बंधाऱ्याच्या मागे तुंबतं. जलपर्णी इतकी की वल्हं आत जात नाही. उन्हाळ्यात तेरवाडला मेलेल्या माशांचा खच पडतो. जिथं आम्ही ओंजळीनं पाणी प्यायलो तिथं आता हात बुडवायलाही मन धजत नाही. वर राधानगरीच्या फुगवट्याकाठी हल्ली भाड्याचे तंबू आणि रात्रभर स्पीकर. मित्र तेवढेच असतात, पण चूल कुणी पेटवत नाही. जेवण पार्सल येतं. गुऱ्हाळं मोडली तशा काहिलीही भंगारात गेल्या.

तरी कुणाला जायचंच असेल तर खाली येऊ नका. वरच्या अंगाला कासारी नदीचं पाणी त्या मानानं बरं आहे. पाऊस उघडल्यावर, बरगे पडायच्या आत जा. पट्टीचा पोहणारा बरोबर असू द्या. आणि काहील मागायला गेलात तर मालकाला नव्हे, गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला विचारा. तिचा तळ कुठं झिजलाय ते त्यालाच माहीत असतं.