एरर आली म्हणजे सॉफ्टवेअर बिघडले?

तुमसरच्या राइस मिलमधून बालाघाटच्या व्यापाऱ्याला तांदळाच्या २५ किलोच्या पोत्यांचे बिल निघते आणि ई-इन्व्हॉइसचे सरकारी पोर्टल ते नाकारते. पडद्यावर ३०३९ हा क्रमांक झळकतो. आता सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकावे लागणार, हा अशा वेळचा सर्वांत पक्का गैरसमज. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या करपात्र विक्रीसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. त्यामुळे असे क्रमांक आता छोट्या पेढ्यांतही दिसतात.

३०३९ चा अर्थ साधा आहे: पिनकोड त्या राज्यातला नाही. पार्टीचा जीएसटी क्रमांक मध्य प्रदेशच्या २३ ने सुरू होतो, राज्यही मध्य प्रदेशच लिहिलेले असते. पण लेजर उघडताना तुमसरच्या जुन्या पार्टीची नक्कल केली आणि ४४१९१२ तसाच राहून गेला. बालाघाटला ४८१००१ हवा. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांचेही पिनकोड ४ ने सुरू होतात, म्हणून नुसत्या नजरेला ही चूक सापडत नाही. सॉफ्टवेअर दहा वेळा टाकले तरी पार्टीची साठवलेली माहिती, म्हणजे मास्टर, तीच राहते आणि एररही तीच येते. शिवाय चूक बिलात दिसते म्हणून बिलातच दुरुस्त केली, तर त्या पार्टीचे पुढचे बिल पुन्हा अडते. दुरुस्ती मास्टरमध्येच करायची.

दुसरा गैरसमज महागात पडणारा आहे. बिल पाठवताना नेट गेले, पुन्हा पाठवले आणि २१५० आले, म्हणजे ‘डुप्लिकेट’. ‘बिल गेलेच नाही’ असे समजून क्रमांक बदलून ते पाठवले जाते. वास्तविक पहिलेच बिल पोहोचलेले असते. त्याचा ६४ अक्षरांचा आयआरएन (इन्व्हॉइस रेफरन्स नंबर) पोर्टलवरून परत मागवला की काम संपते. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवज क्रमांक या चार गोष्टींवरून आयआरएन बनतो. रकमेचा त्यात संबंध नाही. त्यामुळे बिल क्रमांक बदलला की एकाच मालाच्या दोन विक्री नोंदल्या जातात आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दोन्ही उतरतात. पोर्टलवर रद्द करायला २४ तास मिळतात, रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. मुदत टळली की क्रेडिट नोटचा खटाटोप.

मोठ्या कारखान्यांतल्या सॅप या सॉफ्टवेअरमध्येही ‘पोस्टिंग पीरियड उघडा नाही’ असा संदेश आला की आयटी विभागाला फोन जातो. तिथे बिघाड काहीच नसतो. मागचा महिना लेखा विभागाने मुद्दाम बंद केलेला असतो, आणि तो उघडायचा की नोंद चालू महिन्यात घ्यायची हे त्या विभागानेच ठरवायचे. खरी कॉन्फिगरेशनची चूक वेगळी दिसते: दुसऱ्या संगणकावर टॅलीला लायसन्स सर्व्हर सापडत नाही, कारण राउटर बंद-चालू झाल्यावर मुख्य संगणकाचा आयपी पत्ता बदललेला असतो. तो पत्ता कायमचा ठरवून दिला की ही तक्रार थांबते.

एरर आली नाही म्हणजे बिल बरोबर, हा समज मात्र सर्वांत धोक्याचा. पोर्टल फक्त माहिती एकमेकींशी जुळते का ते पाहते. आधीच बांधून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या तांदळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे; त्याहून मोठे पोते करमुक्त. २५ किलोचा माल चुकून करमुक्त आयटमखाली टाकला, तर ई-इन्व्हॉइसचा प्रश्नच उद्भवत नाही, कुठलाही क्रमांक झळकत नाही आणि कर बुडतो. अशी चूक वर येते ती स्टॉकच्या ताळमेळात, नाहीतर थेट कर विभागाच्या तपासणीत. त्यासाठी आयटम मास्टरमध्ये २५ किलोचे आणि ३० किलोचे पोते सुरुवातीपासून वेगवेगळे ठेवावे लागते.