वर्ध्याचा शुक्रवार

सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचा दाखला पडद्यावर यायचा. तो आजही येतो, पण तेव्हा त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमधली लांबी असायची. स्टॉलमधली पोरं दाखल्यावरचं एवढंच वाचायची. कुणी आधीच "सोळा रीळ!" म्हणून पैज लावायचा, अठरा निघाली की शिट्ट्या पडायच्या. तिकीट तेवढंच आणि माल जास्त, असा तो सरळ हिशेब होता. हल्लीच्या दाखल्यावर मिनिटं असतात. मिनिटांवर कुणी शिट्टी मारल्याचं ऐकलेलं नाही.

रीळ ही मोजता येणारी, उचलता येणारी, हरवणारी आणि उशिरा पोचणारी वस्तू होती. एका सेकंदाला 24 चौकटी, मिनिटाला 90 फूट, म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. अडीच तासांचा हिंदी पिक्चर साडेतेरा हजार फुटांच्या घरात जातो, आणि नुसत्या फिल्मचंच वजन तीस किलोच्या आसपास भरतं. ती गोल डब्यांत, डबे पत्र्याच्या पेटीत. ही पेटी गावात आली की पिक्चर आला.

वर्धा जिल्ह्यात ती यायची अमरावतीकडून. सिनेमाच्या धंद्याचा स्वतःचा एक नकाशा आहे आणि तो राज्यांच्या नकाशाशी जुळत नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत 1950 साली संपला, विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, पण वितरकांच्या वहीत वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव ही गावं 'सीपी बेरार'मध्येच राहिली. पुण्या-कोल्हापूरकडचा भाग 'बॉम्बे टेरिटरी'त, मराठवाडा 'निझाम'मध्ये, आपण सीपी बेरारमध्ये. या टेरिटरीच्या वितरकांची कार्यालयं अमरावतीत, आणि वितरक-प्रदर्शकांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन भुसावळला. आजही व्यापारी मासिकांत आकडे सीपी बेरारचे म्हणूनच छापले जातात. इंग्रज गेले, प्रांत गेला, सिनेमावाल्यांनी मात्र तो सांभाळून ठेवला.

वर्ध्याचं नाव निघालं की सेवाग्राम येतंच, म्हणून सांगून टाकतो. जिल्ह्याचे सगळ्यांत प्रसिद्ध रहिवासी सिनेमाचे गिऱ्हाईक नव्हते. 1927-28च्या सिनेमॅटोग्राफ कमिटीला गांधीजींनी आपलं प्रतिकूल मत कळवून टाकलं होतं. विजय भट्टांचा 'रामराज्य' त्यांनी पाहिला तो 1944 साली, मुंबईत जुहूला. बाकी जिल्ह्यानं त्यांचं या बाबतीत ऐकलं नाही.

तर पेटी. एका प्रिंटला साठ-सत्तर हजार रुपये लागायचे, त्यामुळे निर्माते मोजक्याच प्रिंट काढायचे. त्या आधी मुंबई, नागपूर, अमरावतीत चालायच्या. तिथली गर्दी ओसरली की जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला, मग यात्रेतल्या तंबूत. नागपूर वर्ध्याहून जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर. पण पिक्चरला ते अंतर कापायला कधी आठवडे लागत, कधी महिने. आर्वीला आणखी जास्त. नव्वदीच्या शेवटी व्हीसीडी आल्या तेव्हा याच मधल्या आठवड्यांत चोरट्यांचा बाजार भरला. पेटी अमरावतीजवळच्या बडनेरा जंक्शनलाही पोचलेली नसायची आणि गावातल्या केबलवाल्यानं रात्री साडेनऊला तोच पिक्चर लावलेला असायचा.

आणि पेटी यायची ती कशी? रिळाचा प्रत्येक शेंडा आणि बुडखा शेकडो वेळा हाताळलेला असतो, म्हणून फिल्म तिथेच आधी झिजते. रीळ सुरू होताना पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस, संपताना पुन्हा पाऊस. तुटलेला तुकडा कापून दोन टोकं सिमेंटनं जोडायची, की नायक दारातून थेट खुर्चीत. उजव्या कोपऱ्यात रीळ बदलण्याची खूण म्हणून एक गोल ठिपका उमटतो. आमच्याकडे येईपर्यंत प्रत्येक गावच्या ऑपरेटरनं आपापला ठिपका खरवडून ठेवलेला असायचा. फिल्मच्या उबदार, जिवंत प्रतिमेबद्दल मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी पुष्कळ हळहळून लिहिलं आहे. त्यांनी पहिल्या आठवड्यातली प्रिंट पाहिली होती. आम्ही विसाव्या आठवड्यातली पाहिली, आणि हा लेख त्या बाजूनं लिहिलेला आहे.

यंत्राबद्दल मात्र माझ्या मनात आदर आहे. प्रोजेक्शनच्या केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी, बहुधा मुंबईच्या फोटोफोन कंपनीचे. जुन्या यंत्रांत दिवा नसायचाच. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणून त्यांच्या टोकांत वीज पेटवायची, आणि त्या झगमगाटात अख्खा पडदा उजळायचा. कांड्या जळत जात, म्हणून त्यांच्यामधलं अंतर सारखं राखावं लागे. ऑपरेटर चहाला गेला की पडदा पिवळा पडायचा आणि खालून हाक उठायची, "अबे, झोपला काय बे!" पुढे झेनॉनचे दिवे आले आणि ही कटकट मिटली. खरी करामत आतल्या माल्टीज क्रॉसची. फिल्म सलग धावली तर पडद्यावर नुसता लगदा दिसेल, म्हणून हे चार खाचांचं चाक प्रत्येक चौकट खिडकीसमोर ओढून आणतं, क्षणभर थांबवतं, मग पुढची ओढतं. सेकंदाला चोवीस वेळा, दिवसाला चार खेळ, वर्षानुवर्षं. त्याचा खडखडाट केबिनच्या भिंतीतून बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत ऐकू यायचा.

2005च्या सुमाराला लहान गावांच्या टॉकीजच्या गच्चीवर डिश दिसू लागल्या. महाराष्ट्रात यात नाव घ्यायचं ते प्रामुख्यानं यूएफओ मूव्हीज या कंपनीचं. संजय गायकवाड हे तिचे संस्थापक. दक्षिणेत चेन्नईच्या रिअल इमेजचं क्यूब. पद्धत अशी की मुंबईत सिनेमाची एमपेग-4 फाईल करायची, कुलूपबंद करायची, उपग्रहावरून सोडायची. टॉकीजमधला सर्व्हर ती रात्रीतून उतरवून घेतो. मालकानं पैसे भरले की तेवढ्या खेळांपुरतं कुलूप उघडतं. प्रिंटचा खर्च गेला, पेटी गेली, बडनेऱ्याला गाडी बदलणं गेलं. मधल्या जाहिराती कोणत्या लागणार हेही वरूनच ठरू लागलं.

अमेरिकेत हीच गोष्ट उलट्या क्रमानं चालली होती. 1999 साली 'स्टार वॉर्स'चा नवा भाग लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क परिसरातल्या चार पडद्यांवर डिजिटल दाखवला गेला. 2002 मध्ये हॉलिवूडच्या सात स्टुडिओंनी डीसीआय नावाची संस्था काढली आणि 2005 मध्ये मानक छापलं: चित्र किमान 2048 गुणिले 1080 ठिपक्यांचं, फाईल दाबायची ती जेपेग 2000 पद्धतीनं, सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत, आणि चावी विशिष्ट सर्व्हरला विशिष्ट तासांपुरतीच. त्या दर्जाचा प्रोजेक्टर घ्यायचा तर आपल्या तालुक्याच्या टॉकीजमालकाला टॉकीजच विकावी लागली असती. भारतानं ते मानक सुरुवातीला बाजूला ठेवलं आणि परवडेल ते केलं. म्हणून श्रीमंत देशांतली छोटी थिएटरं कर्ज कसं काढायचं या विवंचनेत असताना विदर्भातल्या काही साध्या टॉकीज डिजिटल होऊनही गेल्या होत्या. मला हा निर्णय आजही शहाणपणाचा वाटतो.

चित्र कसं होतं? ओरखडे नाहीत, उड्या नाहीत, पडदा स्थिर. रुळावरून चालल्यासारखी फिल्म थरथरते ती सवय डोळ्यांना इतकी होती की पहिल्यांदा स्थिर शीर्षकं पाहिली तेव्हा चुकल्यासारखं झालं. पण अंधाराची दृश्यं उघडी पडायची. काळा रंग काळा नसून राखाडी, आणि धुरात किंवा रात्रीच्या आभाळात चौकोन चौकोन दिसायचे. दाबलेल्या फाईलचे ते वळ. पहिल्या आठवड्यातल्या प्रिंटपुढे हे चित्र कमी होतं. विसाव्या आठवड्यातल्या प्रिंटपुढे स्वर्ग होता. आणि मुख्य म्हणजे ते शुक्रवारी होतं, मुंबईच्याच शुक्रवारी. पिढ्यान्‌पिढ्या उशिरानं पिक्चर पाहणाऱ्या गावाला त्या दुपारी पहिल्यांदाच शेवट आधी कुणी सांगू शकलं नाही.

मल्टिप्लेक्सची गोष्ट निराळी. ती पाहायला आम्ही नागपूरला जायचो, सकाळच्या गाडीनं, परतीची वेळ मनात धरून. 2001 साली राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना करमणूक कराची मोठी सूट दिली आणि मॉल उभे राहू लागले. सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात इटर्निटी मॉल आला, वर सिनेमॅक्स. चौकाला नाव दिलेली व्हरायटी टॉकीज गेली, नाव राहिलं.

सुरुवातीला मल्टिप्लेक्समध्येही फिल्मच होती. फक्त रिळं एकमेकांना जोडून एका आडव्या मोठ्या थाळीवर गुंडाळलेली, त्यामुळे एका यंत्रावर पूर्ण सिनेमा. एकच ऑपरेटर चार-पाच पडदे सांभाळी. मग 'अवतार' आला, डिसेंबर 2009 मध्ये. त्याची त्रिमिती बहुतेक ठिकाणी डिजिटलवाचून दिसत नव्हती आणि ती दाखवायची तर डीसीआयचं यंत्र हवं होतं. ज्यांनी टाळाटाळ केली होती त्यांनीही मग ते बसवलं. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप, तिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे, प्रत्येक एका ठिपक्याचा. लॅरी हॉर्नबेक यांनी ती 1987 मध्ये शोधली आणि 2015 मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं.

आरसे उत्तम. त्यांच्यामागे माणूस नसणं वाईट. नागपूरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये एकदा पडदा इतका मंद होता की रात्रीच्या प्रसंगात कोण कुणाला मारतंय ते संवादांवरून ओळखावं लागलं. मानकाप्रमाणे पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट उजेड हवा, पण झेनॉनचा दिवा आयुष्य संपल्यावरही जळत राहतो आणि तो बदलायला पैसे लागतात. बाहेर जाऊन तक्रार केली. पॉपकॉर्नच्या काउंटरवरच्या मुलानं मॅनेजरला फोन लावला, मॅनेजर म्हणाले सिस्टिममध्ये सगळं ठीक दाखवतंय. दुसऱ्या एका ठिकाणी खेळ सुरूच होईना. हार्ड डिस्क कुरिअरनं येऊन पडलेली, दीडशे-दोनशे जीबीचा अख्खा सिनेमा तिच्यात, पण चावीची ईमेल आलेली नव्हती. शंभरेक माणसं समोसे खात राहिली. फिल्म तुटली असती तर ऑपरेटरनं पाच मिनिटांत जोडली असती. चावी जोडता येत नाही. आणि ओरडायचं तरी कुणाला? "अबे, झोपला काय बे" ही हाक घ्यायला केबिनमध्ये कुणीच नव्हतं.

पुढचं झपाट्यानं झालं. जानेवारी 2012 मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. 2013 मध्ये फुजीनं सिनेमाची बहुतेक फिल्म बनवणं थांबवलं. 2014च्या आरंभी पॅरामाउंटनं अमेरिकेत 35 मिलिमीटरच्या प्रिंट बंद केल्याची बातमी आली. फिल्म मिळेनाशी, प्रयोगशाळा बंद, मग उरलेल्यांना पर्यायच नव्हता. प्रोजेक्टर भंगारात किलोवर गेले. महाराष्ट्रातल्या यात्रांमधल्या तंबू टॉकीजचं हे संक्रमण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात टिपलं. 2016 साली कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. विदर्भातल्या यात्रा पाहिलेल्या माणसानं तो जरूर पाहावा.

पेटीचं भाडं जाऊन दुसरं भाडं आलं. यंत्राच्या खर्चापोटी निर्मात्यानं प्रत्येक पडद्यामागे 'व्हर्च्युअल प्रिंट फी' द्यायची, म्हणजे नसलेल्या प्रिंटचे पैसे. यंत्र फिटलं तरी फी का चालू, असं विचारत दक्षिणेच्या निर्मात्यांनी मार्च 2018 मध्ये नवे सिनेमे रोखून धरले. तमिळमध्ये तो संप एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालला. भांडण पैशाचं दिसत असलं तरी प्रश्न कुलपाची किल्ली कुणाकडे, हाच होता. तालुक्याचा टॉकीजमालक त्या भांडणात कुठेच नव्हता.

मराठी सिनेमाला या बदलानं जे दिलं ते मात्र कुणी नाकारू नये. प्रिंटच्या दिवसांत मराठी निर्मात्याला मुंबई-पुण्यापुरत्या प्रिंट काढतानाच घाम फुटायचा. विदर्भाला त्यातली एखादी मिळाली तर मिळाली. आमच्याकडच्या टॉकीजमध्ये मराठी पोस्टर हीच बातमी असे. 29 एप्रिल 2016 ला 'सैराट' लागला तेव्हा विदर्भाला कुणाचं उरलंसुरलं घ्यावं लागलं नाही.

आता अडचण पडद्याच्या वेळेची आहे. मल्टिप्लेक्सनी वर्षाला मराठीचे 124 खेळ करावेत असा नियम होता. 2015च्या एप्रिलमध्ये सरकारनं प्राइम टाइममध्ये मराठी सक्तीचं केलं, त्यावर गदारोळ झाला, आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी 12 ते रात्री 9 अशी सोयीची व्याख्या निघाली. पेटीच्या काळात ठरलेलं भाडं देऊन आणलेली प्रिंट आठवडाभर गावात बसायचीच, रिकाम्या खुर्च्यांपुढे का होईना. तेवढ्यात चार माणसं दुसऱ्या चारांना सांगायची आणि बुधवार-गुरुवारी खेळ भरायचा. फाईलला असं थांबावं लागत नाही. शुक्रवारी मुंबईबरोबर वर्ध्यात लागलेला मराठी सिनेमा सोमवारी सकाळी दहाच्या एकाच खेळावर येतो, त्या वेळी शाळा-कचेऱ्या सुरू असतात. मंगळवारी तिकिटाच्या ॲपवर पाहावं तर त्या जागी हिंदीचा पाचवा खेळ.