गाडी उचलली, पण पुढचा एक्सल जागेवर आहे का? लिफ्ट किट बसवणाऱ्यांनी आधी हे वाचा

चिखलात अडकू नये, ओढ्यातून निघावी, दगडावर खालून घासू नये म्हणून गाडी दोन-तीन इंच उचलून घ्यायची पद्धत आता तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पोचली आहे. जुनी जीप, जिप्सी, जिम्नी, कोणाचीही गाडी असो, किट आलं की दिवसभरात बसतं. गाडी रुबाबदार दिसते. पण आठवड्याभरात तक्रारी सुरू होतात. गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहतं, वळणानंतर ते आपोआप परत येत नाही, साठच्या पुढे पुढची चाकं थडथडायला लागतात. मग टायरवाल्याकडे जाऊन 'अलाइनमेंट' केली जाते आणि तरीही दुखणं जात नाही.

का जात नाही? कारण बहुतेक वेळा टायरवाला फक्त टो बघतो, आणि उचललेल्या गाडीचं मूळ दुखणं टोमध्ये नसतं.

आधी एक गैरसमज दूर करू

जिप्सी, जिम्नी आणि जुन्या फोर बाय फोर जीपला पुढे सलग एक्सल असतो. म्हणजे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच लोखंडी दांडा आणि मध्ये डिफरन्शियलचा गोळा. अशा गाडीचे पाटे किंवा स्प्रिंग वाढवले की बॉडी आणि चेसिस वर जाते. गोळा मात्र जमिनीपासून होता तेवढाच उंच राहतो, एक सूतही वर जात नाही. तो वर जातो फक्त मोठे टायर टाकल्यावर. तेव्हा लिफ्टचा फायदा पोटाखालच्या जागेला आणि मोठा टायर मावायला होतो, गोळ्याला होत नाही. हे कळलं तर गरजेपेक्षा जास्त उचलायचा मोह कमी होईल. जितकी लिफ्ट जास्त, तितकी पुढची दुरुस्ती अवघड.

बिघडतं काय? तीन गोष्टी

1. एक्सल बाजूला सरकतो. कॉइल स्प्रिंगच्या सलग एक्सलला आडवं धरून ठेवायला एक तिरकी दांडी असते, तिला पॅनहार्ड रॉड म्हणतात. जिम्नीला ती आहे. तिचं एक टोक चेसिसला आणि दुसरं एक्सलला. गाडी वर गेली की ही दांडी जास्त उभी होते. दांडीची लांबी तीच, पण आडवं अंतर कमी झालं, म्हणून ती एक्सलला चेसिसच्या टोकाकडे ओढून घेते.

हिशेब करून बघा. समजा दांडी 80 सेंमी लांब आहे आणि आधीच तिच्या दोन टोकांच्या उंचीत 5 सेंमीचा फरक आहे. गाडी आणखी 5 सेंमी उचलली की एक्सल जवळपास 5 मिमी सरकतो. त्यावर परत 5 सेंमी उचलली तर पुढचे 8 मिमी. म्हणजे लिफ्ट दुप्पट केली की सरकणं दुपटीपेक्षा जास्त होतं.

जिप्सीला चारही बाजूंना पाटे आहेत, तिथे पॅनहार्ड रॉड नाही. तिथे एक्सल सरकतो तो वेगळ्या कारणाने: सेंटर बोल्ट नीट खोबणीत न बसणं, यू-बोल्ट ढिले राहणं, किंवा शॅकलचे बुश खराब असणं. एका बाजूचा पाटा पुढे आणि दुसऱ्याचा मागे बसला तर एक्सल तिरका होतो आणि गाडी कायम एकीकडे ओढते.

2. कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा बघा, तो सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. म्हणूनच हात सोडून सायकल चालवता येते, चाक आपणहून सरळ होतं. गाडीच्या पुढच्या चाकालाही असाच मागचा कल दिलेला असतो, त्यालाच कॅस्टर म्हणतात. जिम्नीमध्ये एक्सलपासून मागे चेसिसकडे जाणारे दोन हात असतात. गाडी उचलली की हातांचं मागचं टोक वर जातं आणि एक्सल पुढच्या बाजूला झुकतो. हात 60 सेंमीचा धरला आणि गाडी 5 सेंमी वर गेली, तर कल जवळपास पावणेपाच अंशांनी कमी होतो. मुळात कलच थोड्या अंशांचा असतो, त्यातून एवढा गेला तर उरणार काय? स्टेअरिंग हलकं लागतं, गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी वाटते, घाटात वळण घेतल्यावर चाक सरळ होत नाही. 'स्टेअरिंग मऊ झालं' म्हणून खूश होऊ नका, ते धोक्याचं लक्षण आहे.

पाट्याच्या गाडीत नुसते पाटे वाढवले तर कॅस्टर एवढा बदलत नाही. पण लांब शॅकल लावून गाडी उचलली तर पाटा एका टोकाने तिरका होतो आणि त्याच्याबरोबर एक्सलही फिरतो.

3. स्टेअरिंग वाकडं होतं. स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे येणाऱ्या दांडीला ड्रॅग लिंक म्हणतात. गाडी वर गेली की तीही तिरकी होते आणि चाकांना थोडं वळवून ठेवते. तुम्ही चाकं सरळ केली की हातातलं स्टेअरिंग वाकडं दिसतं.

आता टोचं बघा. टो म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर. टाय रॉड दोन्ही चाकांच्या नकलना थेट जोडलेला असेल तर लिफ्टमुळे टो फारसा बदलतच नाही. म्हणूनच फक्त टो करून पैसे जातात आणि गाडी तशीच राहते.

दुरुस्तीचा क्रम: हा उलटा केला तर काम परत करावं लागतं

पहिलं, ढिलेपणा तपासा. इंजिन चालू ठेवून एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवावं. दुसऱ्याने बाजूला उभं राहून पॅनहार्डची दोन्ही टोकं, टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंकचे सांधे बघावेत. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेला हवा. जिथे खटका दिसेल तो बुश किंवा सांधा आधी बदला. नंतर पुढची चाकं जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक वर-खाली हलवून किंग पिनचं बेअरिंग बघा. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही.

दुसरं, बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळले तर खाली उतरवल्यावर रबर पिळलं जातं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. ही चूक सर्रास होते. पाट्याच्या गाडीत यू-बोल्ट नवेच घाला, आणि शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर परत आवळून घ्या.

तिसरं, एक्सल मधोमध आणा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, स्टेअरिंग सरळ ठेवा. गवंड्याचा ओळंबा घ्या. चेसिसच्या दोन्ही बाजूंना अगदी एकाच जागेवरून तो सोडा आणि दोरीपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. डावीकडे 62 मिमी आणि उजवीकडे 50 मिमी आलं, तर फरक 12, म्हणजे एक्सल 6 मिमी डावीकडे सरकलाय. लांबी कमी-जास्त होणारा पॅनहार्ड रॉड टाकून तो मध्ये आणता येतो. पाट्याच्या गाडीत दोन्ही बाजूंना चेसिसच्या एकाच भोकापासून एक्सलपर्यंतचं पुढे-मागे अंतरही मोजा. ते सारखं हवं.

इथे एक सावधगिरी. पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक समोरून बघितल्यावर एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. एकीचं ब्रॅकेट खाली आणलं आणि दुसरी तशीच ठेवली, तर खड्ड्यात चाक वर गेलं की स्टेअरिंग आपोआप फिरतं.

चौथं, कॅस्टर परत आणा. कॉइलच्या गाडीत भोक बाजूला असलेले कॅस्टर बुश किंवा दुरुस्त कोनाचे हात मिळतात. पाट्याच्या गाडीत पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर घालतात. पाचर उलटी बसली तर दुखणं दुप्पट होतं, म्हणून बसवण्याआधी आणि नंतर कोन मोजून घ्या. अतीही करू नका. एक्सल जास्त फिरवला की पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि जॉइंट आवाज करायला लागतो.

पाचवं, स्टेअरिंग सरळ करा. हे ड्रॅग लिंकची लांबी बदलून करायचं. काही जण स्टेअरिंग काढून दातऱ्यावर फिरवून बसवतात. त्याने दिसायला सरळ होतं, पण स्टेअरिंग बॉक्सचा मध्य चुकतो आणि गाडी एका बाजूला कमी वळते.

सहावं आणि शेवटचं, टो. दोन्ही टायरवर चाक फिरवत खडूने मधली रेघ काढा. गाडी खाली घेऊन चार पावलं पुढे ढकला. मग दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून सारख्याच उंचीवर मोजा. किती फरक ठेवायचा ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. हा अंदाज घरचा झाला. शेवटी मशीनवर जाऊन कॅस्टर, कॅम्बर आणि टो तिन्हींचा आधीचा आणि नंतरचा कागद मागून घ्या. सलग एक्सलमध्ये कॅम्बर फिरवायची सोय नसते. तो चुकलेला दिसला तर एक्सल वाकलाय की बेअरिंग गेलंय ते शोधा.

बोलेरो, थार, स्कॉर्पिओवाल्यांसाठी

तुमच्यापैकी बहुतेकांच्या पुढच्या चाकांना सलग एक्सल नाही, प्रत्येक चाक वेगळं हलतं. तिथे उचलल्याबरोबर कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात आणि टायर एका कडेने खायला लागतो. वरचं सगळं तुम्हाला लागू नाही. मशीनवरची पूर्ण अलाइनमेंट ताबडतोब करा. फोर बाय फोर असेल तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन आणि रबर बूटही तपासा.

चाकं थडथडली तर?

खड्ड्यावरून गेल्यावर स्टेअरिंग जोरात हलायला लागलं, तर ते घट्ट पण न झटकता धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि वेग हळूहळू कमी करून बाजूला घ्या. एकदम कचकन ब्रेक मारू नका. नंतर कुणी 'स्टेअरिंग डॅम्पर टाका, बंद होईल' म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. डॅम्पर थरथर दाबून ठेवतो, तिचं कारण आत तसंच राहतं. बहुतेक वेळा ते ढिला पॅनहार्ड, खराब बुश किंवा बॅलन्स नसलेलं चाक असतं.

कागदपत्रांचंही बघा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल करता येत नाही. परवानगी नसलेला बदल केल्यास कलम 182अ (4) नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. म्हणून किटचे पैसे देण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

ज्यांनी गाडी आधीच उचलली आहे त्यांनी निदान ओळंबा आणि टेप घेऊन उद्या सकाळी एकदा मोजून बघावं. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढे ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. त्याच गाडीत घरची माणसं बसतात, आणि बाजाराच्या दिवशी शेजारचीही.