मेजाचे माप आणि माणसाची पाठ

चंडीगडचे सचिवालय १९५८ साली पुरे झाले. अडीचशे मीटरांहून लांब अशा त्या इमारतीत हजारो कारकुनांची व अधिकाऱ्यांची बैठक मांडावयाची होती. ल कॉर्बूझिए यांचे भाऊबंद आणि सहकारी पिएर झान्रे १९६५ पर्यंत चंडीगडातच राहिले. युली चौधरी यांच्यासारख्या भारतीय सहकाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी सागवान व वेत यांच्या खुर्च्या आखल्या. उघडलेल्या कर्कटकासारखे त्यांचे पाय, आणि पाठीशी वेताची जाळीदार विण. पंजाबच्या उन्हाळ्यात अंगाला वारा लागावा अशी. त्यांतल्या पुष्कळ खुर्च्या पुढे भंगारात निघाल्या, परदेशच्या लिलावांत लाखो रुपयांना गेल्या, आणि २०११ साली केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीस आळा घालावा लागला.

तथापि खुर्ची कितीही गुणवान असली तरी लाकडी खुर्चीची उंची एकच असते. बसणारे मात्र नाना उंचीचे. कॉर्बूझिए ज्या ‘मॉड्युलर’ नावाच्या मापपट्टीने इमारतींची प्रमाणे ठरवीत, तिचा आदर्श पुरुष १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट उंच होता. इंग्रजी रहस्यकथांतला रुबाबदार पोलीस नेहमी सहा फुटी असतो, असे त्या आकड्याचे एक कारण सांगितले गेले! भारतीय पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास, स्त्रियांची त्याहूनही कमी. टेबलखुर्ची बहुधा अशाच कोणा न पाहिलेल्या माणसाच्या मापाने घडते, आणि राहिलेली तफावत बसणाऱ्याची पाठ भरून काढते. पाय अधांतरी लोंबले की माणूस खुर्चीच्या कडेवर सरकतो, पाठीचा टेकू सुटतो, कंबरेचा स्वाभाविक बाक नाहीसा होतो. मान पुढे येते ती त्याच्या मागोमाग. मस्तकाचे वजन साडेचार-पाच किलो; ते खांद्यांच्या रेषेपुढे गेले की मानेमागच्या स्नायूंना दिवसभर ओढ धरून राहावे लागते.

स्वीडनमधील शल्यवैद्य आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकत्यांत सुई घालून दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा टेकू न घेता बसण्यात तो सुमारे चाळीस टक्के अधिक भरला, आणि ‘बसणे वाईट’ हे मत रूढ झाले. परंतु १९९९ साली जर्मनीत झालेल्या मोजणीत, सैल बसलेल्या माणसाच्या चकतीवरील दाब उभ्या माणसाहून अधिक आढळला नाही. म्हणजे काठीसारखे ताठ बसण्याचा शाळेतला आग्रहही फार ताणू नये. खरा वैरी आहे तो निश्चलपणा. प्रौढ वयात या चकत्यांच्या गाभ्याला रक्तवाहिन्या नसतात. त्यांचे पोषण आजूबाजूच्या द्रवातून पाझरून होते, आणि हालचालीने दाब कमीजास्त झाला की त्यास साहाय्य होते. स्नायूही एकाच ताणात तासन् तास धरले की थकतात.

उपाय त्यामुळे खर्चाचे नाहीत. पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. कंबरेच्या पोकळीत गुंडाळलेला पंचा बसवावा. कोपर मेजाच्या पातळीला यावे, खांदे उचललेले नसावेत. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत त्याच्याखाली जुन्या फायलींचा गठ्ठा सारावा. तिथे तरी त्या कामास येतील. मांडीवरच्या संगणकात पडदा व कळफलक एकमेकांस जोडलेले, म्हणून त्याला वेगळा कळफलक लावल्यावाचून मानेची सुटका नाही. आणि दर अर्ध्या तासाने उठावे. पेढीवर मांडी घालून लिहिणारा जुना मुनीमही मधूनच तक्क्याला रेलत असे, पाय पसरीत असे.

दुखणे सुरू झालेच तर अंथरूण धरण्याचा पूर्वीचा सल्ला आता वैद्यक देत नाही. साधी पाठदुखी बहुतांशी काही आठवड्यांत ओसरते, आणि तोवर झेपेल तेवढे चालत-फिरत राहावे. मात्र हाताला वा पायाला बधिरपणा आला, पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर खुर्ची-मेजाचा विचार बाजूस ठेवून तडक रुग्णालय गाठावे.